इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी : विद्यार्थी आणि नवोदित संशोधकांना साहाय्य

गणिताला वाहिलेल्या भारतातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. स्थापना ४ एप्रिल १९०७. संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर त्या वेळी मद्रास इलाख्यातील गुत्ती येथे डेप्युटी कलेक्टर होते. आरंभीचे नाव ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’, लवकरच ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ आणि १९१० मध्ये नवी घटना झाल्यावर आजचे नाव. पहिले अध्यक्ष बी. हनुमंतराव. प्रस्तुत नोंदीत संस्थेने होतकरू गणितींना कसा हात दिला एवढाच विषय घेतला आहे.

ग्रंथालय : रामस्वामी अय्यरांनी डिसेंबर १९०६ मध्ये मित्रांना पत्रे पाठवली, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण साधी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा लहान महाविद्यालयात काम करणाऱ्या माणसाला गणिताची नवी नियतकालिके पाहायलाच मिळत नसत आणि एकट्याच्या पगारात ती घेणे शक्य नव्हते. वर्गणी गोळा करून सर्वांसाठी नियतकालिके मागवावीत आणि ती सभासदांत फिरवावीत, ही क्लबची मूळ कल्पना. हे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले. केंब्रिजचे १८९९ चे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे त्या वेळी तेथे प्राचार्य होते. परदेशी अंक पुण्याला येत आणि तेथून टपालाने सभासदांकडे जात. विसाव्या शतकाच्या मध्याला हा संग्रह मद्रासला हलवला गेला. पारितोषिके आणि पदके पुष्कळ पुढची. गावात ग्रंथालय नसलेल्या तरुण अध्यापकाला सोसायटीने दिलेली सर्वांत मोठी मदत बहुधा हीच म्हणावी लागेल.

जर्नल आणि प्रश्नांचे सदर : ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ १९०९ मध्ये सुरू झाले. संपादक बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातील एम. टी. नारायण अय्यंगार. लेखांबरोबर जर्नलात प्रश्नांचे सदर असे. वाचकाने प्रश्न पाठवायचा, इतरांनी उत्तर पाठवायचे. उत्तर सुचत असेल त्याने लिहावे, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

या सदराचा सर्वांत मोठा लाभार्थी श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०). गणित सोडून इतर विषयांत नापास झाल्याने त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर राहिले होते. १९११ मध्ये छापलेला त्यांचा प्रश्न क्र. २८९ एका अंतहीन वर्गमुळाचा आहे : १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळाखाली १ अधिक ३ गुणिले वर्गमूळ, त्याखाली १ अधिक ४ गुणिले वर्गमूळ, असे अखंड चालू ठेवले, तर या साऱ्याच्या वर्गमुळाची किंमत किती? काही महिने कोणाचेही उत्तर आले नाही; शेवटी रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर आहे ३. त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरील त्यांचा पहिला शोधलेख जर्नलात आला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक आणि अपरिचित असे, की सामान्य वाचकाला ती समजणे अवघड जाई. संपादकांनी लेख नाकारला नाही. छापण्याजोगा होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतला. ज्याला लेख कसा लिहावा हे कोणी शिकवले नव्हते, त्याला ते या पत्रव्यवहारातून शिकायला मिळाले. नवोदितांच्या संदर्भात नारायण अय्यंगारांचे हे काम जेवढे मोलाचे, तेवढी त्याची चर्चा होत नाही.

पुढच्या काही वर्षांत रामानुजन यांचे साठाच्या आसपास प्रश्न या सदरात आले. १९१३ मधील क्र. ४६४ असा : २ च्या कोणकोणत्या घातांमधून ७ वजा केले असता पूर्ण वर्ग उरतो? घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ घेतले की १, ९, २५, १२१ आणि ३२,७६१ (१८१ चा वर्ग) मिळतात. याखेरीज दुसरी उकल नाही, हे नॉर्वेचे गणिती ट्रिग्व्ह नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले. १९१३ मधीलच क्र. ४६९ क्रमगुणितात १ मिळवून येणाऱ्या वर्गांविषयी आहे. ४, ५ आणि ७ यांच्या क्रमगुणितांत १ मिळवल्यास अनुक्रमे ५, ११ आणि ७१ यांचे वर्ग येतात. आणखी कोठे असे घडते का, हे अजून सुटलेले नाही. हा प्रश्न फ्रेंच गणिती ब्रोकार यांनी आधीच मांडला होता.

आर्थिक साहाय्य : १९१० मध्ये रामानुजन नोकरीच्या शोधात तिरुकोइलूरला रामस्वामी अय्यरांकडे गेले. त्यांच्या गणिताच्या वह्या पाहून अय्यरांनी त्यांना तालुका कचेरीत कारकून न करता मद्रासच्या परिचितांकडे चिठ्ठ्या देऊन पाठवले. त्या परिचितांपैकी पी. व्ही. शेषू अय्यर यांच्यामार्फत ते नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांच्याकडे पोचले. रावांनी त्यांना दरमहा २५ रुपये द्यायला सुरुवात केली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची नोकरी मिळाली. तेथील वरिष्ठ एस. नारायण अय्यर सोसायटीचे खजिनदार होते. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. हे पैसे व्यक्तींचे, पोर्ट ट्रस्टचे आणि विद्यापीठाचे होते. त्याचे श्रेय सोसायटीला कितपत द्यावे याविषयी दुमत संभवते. ही माणसे एकमेकांना सोसायटीमुळे जोडलेली होती, एवढे मात्र म्हणता येते.

द मॅथेमॅटिक्स स्टुडंट : जर्नल अधिकाधिक संशोधनपर होत गेले, तेव्हा विद्यार्थी आणि महाविद्यालयीन अध्यापक यांच्यासाठी ए. नरसिंह राव यांच्या संपादकत्वाखाली १९३३ मध्ये हे त्रैमासिक काढण्यात आले. त्यात विषय समजावून देणारे लेख, टिपा आणि प्रश्न असत. मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचे. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर पदवी नसलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे कापरेकर यांचा ‘डेमलो’ संख्यांवरील लेख १९३८ मध्ये या त्रैमासिकात आला. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, ही त्यांतली ओळखीची उदाहरणे. डेमलो हे नाव डोंबिवली स्थानकावरून पडले. विद्यापीठाच्या चौकटीबाहेर संख्या सिद्धांतावर विचार करणाऱ्या शिक्षकासाठी देशात अशी छापील जागा त्या काळी फारशी नव्हती.

अधिवेशने : पहिले १९१६ मध्ये मद्रासला. १९५१ पासून दरवर्षी.

पारितोषिके : वार्षिक अधिवेशनात शोधनिबंधवाचनाची स्पर्धा होते आणि उत्तम निबंधांना बक्षिसे मिळतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास पी. एल. भटनागर स्मृती पारितोषिक देण्यात येते.