जस्ताची बोटे आणि विळ्याच्या आकाराचे रक्त



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानात जनुकांवर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु संहितेचे वाचन कसे होते, हा प्रश्न मला नवा नाही. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची एकच संहिता असते. तरीही हिमोग्लोबिन घडविण्याचे काम अस्थिमज्जेतील रक्तपेशी करतात, मेंदूतील चेतापेशी ते करीत नाहीत. कोणते जनुक केव्हा वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे काही नियंत्रक प्रथिने ठरवितात. त्यांतील एका मोठ्या कुळाचा इतिहास खानदेशातून डिंडोलीत येऊन वसलेल्या आपल्या घरांपर्यंत पोहोचतो. तो आज मांडावयाचा आहे.

सिकलसेल, म्हणजे विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा रोग. त्याची पहिली वैद्यकीय नोंद १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. भारतात १९५२ साली लेमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत अनेक दशके या रोगाचा मागोवा घेतला. २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत, दक्षिण गुजरातच्या गामीत, वसावा आणि चौधरी समाजांत हा दोष आढळतो. विदर्भात तर तो आदिवासींपुरता मर्यादित नाही.

दोष किती लहान आहे, हे १९५७ साली इंग्रॅम यांनी दाखविले. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले, एवढाच तो फरक. जणू एका अक्षराने शब्दाचा अर्थ पालटावा! परंतु त्याआधीच, १९४८ साली, डॉ. जॅनेट वॉटसन यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले होते. हा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या दिसत. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. ते दोषयुक्त हिमोग्लोबिनच्या लांब तंतूंना जुळू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत या गर्भकालीन हिमोग्लोबिनचे जनुक मिटले जाते आणि दुखणे सुरू होते. ते जनुक मिटवितो कोण? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास साठ वर्षे लागली.

उत्तराची वाट एका बेडकावरून गेली. १९८५ साली केंब्रिज येथे मिलर, मॅक्लॅक्लन आणि आरन क्लुग हे आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतील एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यात सुमारे ३० अमिनो आम्लांचा एकच नमुना नऊ वेळा येत होता, आणि प्रत्येक रेणूकणात जस्ताचे ७ ते ११ अणू सापडत होते. प्रत्येक नमुन्यातील दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. त्यामुळे साखळीची घडी बोटासारखी उभी राहते. हे बोट डीएनएच्या खाचेत शिरून साधारण तीन अक्षरे ओळखते. बोटांची ओळ जुळली की नेमका मजकूर सापडतो. आपण ज्याला जस्त म्हणतो आणि गुजराती शेजारी जसत म्हणतात, त्या धातूचे हे शरीरातील काम.

२००८ साली सांकरन आणि ऑर्किन यांच्या गटाने दाखविले की, 'बीसीएल११ए' नावाचे असेच जस्ताच्या बोटांचे प्रथिन गर्भकालीन जनुकास मिटवून ठेवते. २०१८ साली त्याची बोटे कोणत्या अक्षरांवर टेकतात, हेही उमगले. मग उपायाची दिशा पालटली. चुकीचे अक्षर तसेच ठेवून, मिटविणाऱ्याचा हात सैल करावयाचा. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, रक्तपेशींत हे प्रथिन घडविण्यास चालना देणारा डीएनएचा तुकडा कापला जातो. इतर पेशींत ते आपले काम करीतच राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, आणि त्यापूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबास हे कसे परवडावे? म्हणून इतिहासाचा दुसरा धागाही सांगितला पाहिजे. हायड्रॉक्सियुरिया ही साधी गोळी गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढविते. योग्य देखरेखीखाली ती आपल्याकडेही दिली जाते. गुजरात शासनाचा सिकलसेल कार्यक्रम २००६ पासूनचा, तर राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली. त्यांचा पाया आहे रक्ततपासणी.

माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. वाहक म्हणजे रोगी नव्हे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता रोगाची असते. म्हणजे दोष दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. पत्रिका पाहण्याआधी रक्त तपासा. बेडकाच्या अंडपेशीत सापडलेले ज्ञान एवढ्या दूर आले आहे. आपल्या उंबरठ्यावर ते अडू नये.