एका पिस्तुलाचे दोन इतिहास

जुनीं शस्त्रें जमविण्याचा छंद म्हटला म्हणजे आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें पट्टे, कट्यारी आणि तोड्याच्या बंदुका उभ्या राहतात. अमेरिकेंत या छंदाची एक निराळीच शाखा आहे. तेथील कित्येक संग्राहक लष्करांतून निघालेलीं आणि मागाहून एखाद्या कुशल कारागिरानें स्वहस्तें सुधारलेलीं पिस्तुलें शोधीत असतात. अशा पिस्तुलाची योग्यता काय, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शौकिनांचा वाटेल; परंतु वस्तूंच्या द्वारें इतिहास कसा जपावा, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे, म्हणून आम्ही तो येथें विचारास घेतों.

हें पिस्तूल कोणतें, तें प्रथम सांगितलें पाहिजे. फिलिपाइन्स बेटांतील लढायांत अमेरिकन सैन्याचीं हलक्या गोळीचीं रिव्हॉल्व्हरें त्वेषानें अंगावर येणाऱ्या मोरो योद्ध्यांपुढें अपुरीं पडतात, अशी ओरड झाली. १९०४ सालीं दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं प्रयोग करून, गोळी ४५ शतांश इंचाहून लहान नसावी, असा अभिप्राय दिला. पुढें जॉन ब्राउनिंग या कल्पक शस्त्रकारानें कोल्ट कारखान्यासाठीं रचलेलें पिस्तूल २९ मार्च १९११ रोजीं सैन्यानें स्वीकारलें, आणि त्या सालाचा अंकच त्याचें नांव झाला. १९८५ सालीं त्याच्या जागीं दुसरें निवडलें जाईपर्यंत, म्हणजे सुमारें पाऊणशें वर्षें, तें अमेरिकन सैनिकाच्या कमरेस होतें.

या पिस्तुलाचा खरा विशेष त्याच्या सुट्या भागांत आहे. एकाचा भाग काढून दुसऱ्यांत बसवावा आणि तें चालावें, अशी त्याची आखणी होती. त्यामुळें दुसऱ्या महायुद्धांत, ज्यांचा मूळ धंदा अगदीं वेगळा, अशा कारखान्यांवरही हें काम सोंपवितां आलें. टंकलेखनयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन रँडनें सुमारें नऊ लाख पिस्तुलें केलीं. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या एका कंपनीनेंही तीं केलीं. आणि आपल्या घरोघरच्या शिवणयंत्रांवर जिचें नांव सोनेरी अक्षरांत झळके, त्या सिंगर कंपनीनें अवघीं पांचशें करून दिलीं. सिंगरचें अस्सल, कोणीं हात न लावलेलें पिस्तूल एक लाख डॉलरांहूनही अधिक किंमतीस गेलेलें आहे.

परंतु कोणाचाही भाग कोणासही बसावयाचा, तर सांधे थोडे सैल ठेवणें भाग होतें. चिखलांत वा वाळूंत पडलेलें पिस्तूल अडूं नये, यासाठींही ही ढिलाई उपयोगी पडे. मात्र रणांगणावर जो गुण, तोच नेमबाजीच्या मैदानावर दोष ठरला. ओहायो राज्यांत कँप पेरी येथें १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरूं लागले. तेथें पन्नास यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यवर्तुळांत गोळी घालावयाची, आणि तें वर्तुळ तळहाताहून मोठें नसे. कारखान्यांतून आलेल्या पिस्तुलाकडून तें होईना.

येथें कारागीर पुढें आला. १९६० च्या सुमारास सरकारनें वापरून झालेलीं हीं पिस्तुलें नेमबाजांस वीस डॉलरांहूनही कमी किंमतीस विकलीं, तेव्हां त्याच्या हातास भरपूर माल मिळाला. तो सांगाड्याच्या कडा हलकेच ठोकी, वरचा सरकता भाग शेगड्यांत धरून दाबी, आणि मग दोहोंच्या मध्यें घर्षणाची पूड व तेल घालून ते एकमेकांवर इतके फिरवी कीं, सरकतांना ते अडखळत नसत आणि हलविल्यास डुगडुगतही नसत. नळीचें तोंड तो नव्या कड्यांत घट्ट बसवी, बारीक माशीच्या जागीं ठळक माशी लावी, चाप हलका करी, मुठीच्या पोलादावर कानशीनें चौकडी कोरी. लुइझियानांतील जिम क्लार्क यानें हें काम केलें, इतकेंच नव्हे, तर १९५८ सालीं पिस्तुलाचें राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविलें. कॅलिफोर्नियांतील आर्मंड स्वेन्सन याचें नांव, डावखुऱ्यासही सोईचा असा दोहों बाजूंच्या सुरक्षा-खटक्याशीं जोडलेलें आहे.

यांत एक मौज आहे. ज्या पिस्तुलाची आखणीच, हातानें सांधे जुळविण्याची गरज उरूं नये अशी झाली होती, त्यास कारागिराच्या हातानेंच पुन्हां एकमेव केलें. ज्याचे भाग कोणत्याही भावंडास बसत, ते आतां एकमेकांसच बसूं लागले.

जुन्या वळणाचे संग्राहक म्हणतात कीं, त्या कानशीनें इतिहास खरवडून काढला. निरीक्षकाची मुद्रा, मूळचा रंग, लष्कराच्या खुणा, सारें गेलें. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण वस्तूचा इतिहास कारखान्याच्या दारांत संपतो, हें आम्हांस मान्य नाहीं. माणसावर रोखण्यासाठीं केलेलें हत्यार कागदी लक्ष्यावर रोखलें जाऊं लागलें, हाही त्याच्या चरित्रांतील एक अध्याय होय, आणि तो लाजिरवाणा खास नव्हे.

तथापि मर्यादा पाळली पाहिजे. २०१८ पासून सरकारी साठ्यांतील उरलेलीं पिस्तुलें नागरिकांस सोडतीनें विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां कानस चालवावी कीं न चालवावी, हा प्रश्न नव्या मालकांपुढें पुन्हां उभा राहिला. जें सालोसाल अस्पर्शित राहिलें, त्यावर आज कानस चालविणें म्हणजे जुन्या पोथीच्या कोऱ्या समासांत आपल्या कविता लिहिण्यासारखें आहे. उलट, ज्यावर कारागिराचा हात पूर्वींच फिरला, तें मूळचें दिसावें म्हणून त्यास दुसरे भाग जोडणें आणि खोट्या मुद्रा चढविणें ही निव्वळ लबाडी होय. दोन इतिहासांपैकीं पहिला गेलेलाच असतो. या उद्योगांत दुसराही जातो.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. क्लार्क आणि स्वेन्सन यांचीं नांवें राहिलीं. परंतु घराच्या मागल्या खोलींत काम करणाऱ्या कित्येकांनीं आपल्या कामावर नांव घातलेंच नाहीं. तें एखाद्या पावतीवर, पत्रावर किंवा मालकाच्या स्मरणांत तेवढें असतें. मालक गेला, घरचें सामान विकलें, कीं पोलाद राहतें आणि माणूस पुसला जातो. म्हणून ज्यास हीं पिस्तुलें जपावयाचीं आहेत, त्यानें ती मळकी पावतीही पिस्तुलाबरोबरच जपावी.