अडीच तास हाती होते

२६ डिसेंबर २००४. रविवार, नाताळचा दुसरा दिवस, मार्गशीर्ष पौर्णिमा. खालच्या सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.

सकाळी ६:२८
सुमात्राच्या वायव्य टोकाजवळ समुद्रतळाखाली सुमारे ३० किलोमीटरवर खडक तुटतो. इथे भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली युगानुयुगे सरकतो आहे. सरकताना वरच्या पट्टाची कड अडकते आणि खाली ओढली जाते. आज ती सुटते आणि उसळून वर येते. आठ-दहा मिनिटांत ही फूट उत्तरेला अंदमानपर्यंत, सुमारे १,३०० किलोमीटर पसरते. तळ जिथे उचलला जातो, तिथे वरचे अख्खे पाणीही उचलले जाते. भूकंपाची तीव्रता ९.१. चेन्नईतही लोकांना हादरा जाणवतो; काही जण घराबाहेर येतात, थोड्या वेळाने परत आत जातात.

६:४४
हवाईतील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राचे पहिले पत्रक निघते. त्यात तीव्रता ८.० धरलेली आहे आणि पॅसिफिक महासागराला धोका नसल्याचे म्हटले आहे. हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच अस्तित्वात नाही.

६:५० च्या सुमारास
सुमात्रातील आचे प्रांताचा किनारा. समुद्र मागे हटतो आणि मग भिंत होऊन येतो. ल्होक्ङाजवळ पाणी ३० मीटरपर्यंत चढते. बांदा आचेत २,६०० टनांचे वीजनिर्मिती जहाज पाण्यासोबत शहरात दोन-तीन किलोमीटर आत येऊन बसते. एकट्या इंडोनेशियात दीड लाखांहून अधिक बळी जातात. मात्र भूकंपाच्या केंद्राला लागून असलेल्या सिमेउलुए बेटावर, सुमारे ७८ हजार वस्तीत, मृतांचा आकडा ७. तिथे १९०७ च्या लाटेची आठवण आजी-आजोबांनी अंगाईतून आणि गोष्टींतून जिवंत ठेवली होती: जमीन हलली, समुद्र हटला, की डोंगर गाठायचा.

७:५०
कार निकोबारच्या हवाई तळाचा शेवटचा संदेश मुख्य भूमीवर पोहोचतो: बेट बुडते आहे, सगळीकडे पाणी. तळावरचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभरावर माणसे गेली. म्हणजे भारताच्याच भूमीवर लाट आदळली आहे आणि भारताच्याच हवाई दलाला ते कळले आहे. चेन्नईला अजून सव्वा तास अवकाश आहे.

८:३० च्या सुमारास
जेसन-१ हा उपग्रह बंगालच्या उपसागरावरून जातो. खोल समुद्रात लाटेची उंची जेमतेम ६० सेंटीमीटर, वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर. ही नोंद शास्त्रज्ञांच्या हाती काही तासांनी पडते. त्याच सुमारास थायलंडच्या फुकेतमध्ये टिली स्मिथ ही दहा वर्षांची ब्रिटिश मुलगी फेसाळणारे पाणी पाहून आईवडिलांच्या मागे लागते. ही त्सुनामीची खूण ती दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेली असते. तिच्यामुळे माय खाओचा किनारा वेळेत रिकामा होतो.

८:५४
दिल्लीत हवामान खात्याचा भूकंपाबद्दलचा फॅक्स निघतो. तो जातो माजी मंत्र्यांच्या घरी. सरकार बदलून सात महिने झालेले असतात.

९:०० च्या सुमारास
श्रीलंकेत पेरालियाजवळ पहिल्या लाटेने कोलंबोहून निघालेली रेल्वेगाडी थांबते. आसरा म्हणून गावकरी डब्यांत चढतात, डब्यांच्या आड उभे राहतात. दुसरी, मोठी लाट डबे रुळांवरून उचलून फेकते. हजाराहून अधिक मृत्यू.

९:०५ आणि पुढे
चेन्नईची मरीना, कल्पाक्कम, कडलूर, नागपट्टिनम. समुद्रात असलेल्या होड्यांना लाट जाणवतही नाही. ती किनाऱ्याच्या उथळ पाण्यात उंच होते. आणि किनाऱ्यावर मासळी घेऊन येणाऱ्या होड्यांची वाट पाहत टोपल्या घेतलेल्या बायका उभ्या आहेत. रविवार असल्याने मुलेही वाळूत खेळताहेत. कडलूर जिल्ह्यात १४६ पुरुष गेले, बायका ३९१. नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली.

पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावात मात्र सिंगापूरहून एका गावकऱ्याचा फोन येतो: पळा. स्वामिनाथन प्रतिष्ठानच्या माहिती केंद्रातला ध्वनिक्षेपक एरवी मच्छीमारांना लाटांची उंची सांगतो. आज त्यावरून गाव सोडायची हाक जाते आणि सुमारे ३,६०० माणसे वाचतात.

दुपारी १ नंतर
दिल्लीत आपत्ती व्यवस्थापन गटाची बैठक भरते. पुढे लाट आफ्रिकेलाही भिडते. सोमालियात शेकडो बळी. केनियाने बातम्या ऐकून किनारे मोकळे केले. तिथे एक मृत्यू.

चौदा देशांत सुमारे २ लाख २७ हजार बळी. भारतात मृत आणि बेपत्ता मिळून सोळा हजारांवर. भूकंप कोणालाच थोपवता आला नसता. पण भूकंपापासून चेन्नईपर्यंत अडीच तास होते आणि त्या वेळेत कार निकोबार, हवाई, दिल्ली, सगळीकडे कोणाला ना कोणाला काहीतरी कळलेले होते. किनाऱ्यावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत त्यातले काहीच गेले नाही.

२००७ पासून हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर माहिती सेवा संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालते; मोठ्या भूकंपानंतर काही मिनिटांत तिथून पत्रक निघते. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही हा धोका आहे: नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाने उठलेली सुमारे दोन मीटरची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसे दगावली होती. तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणि फिरायला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अवेळी ओसरला, तर भोंग्याची वाट न पाहता उंचावर जा, आणि पहिली लाट ओसरली म्हणून परत फिरू नका.