राजवाडा, पण घर नव्हे

घोरावाडी स्टेशनजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. लोकलच्या गर्दीत त्यांची आठवण कुणाला फारशी होत नाही. तिथलं एक लेणं एका नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोनं दान दिलेलं आहे. सियागुतनिका तिचं नाव. ती धेनुकाकट गावची, आणि दानात तिचा मुलगाही सामील होता. एवढं सगळं ब्राह्मी शिलालेखात कोरलेलं आहे.

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या पायऱ्या चढताना मला या बाईची आठवण झाली. थिबाही बुद्धाला मानणारा. पण तो होता ब्रह्मदेशाचा राजा, आणि हा वाडा काही त्यानं स्वतःच्या हौसेनं बांधलेला नव्हता.

थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. सागवानाच्या धंद्यातल्या एका इंग्रज कंपनीला त्याच्या दरबारानं मोठा दंड ठोठावला. ब्रह्मदेश गिळायला टपलेल्या इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. नोव्हेंबर १८८५ मधलं ते युद्ध जेमतेम पंधरवडाभर चाललं. राजा-राणीला बोटीवर चढवून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं गेलं. तेव्हा राजाचं वय होतं सत्तावीस. मंडालेपासून दूर, आणि रेल्वेही न पोचलेलं गाव कैद्यासाठी मुद्दाम निवडलं होतं.

सुरुवातीची जवळपास चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. हा वाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला. उतरती छपरं, कोरीव लाकडी खिडक्या, रंगीत काचा, वर संगमरवरी फरशीचा दिवाणखाना. गच्चीवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. राजा दुर्बिणीतून येणारी-जाणारी गलबतं न्याहाळत बसायचा, असं रत्नागिरीकर सांगतात. त्यातलं एकही त्याच्यासाठी आलेलं नव्हतं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. आज या वाड्यात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. कोकणातल्या जुन्या मूर्तींबरोबर राजाच्या वापरातल्या काही वस्तूही तिथे आहेत. त्या पाहताना मन जड होतं.

मी कवितेचा माणूस. त्यामुळे इथे आणखी एक राजा आठवल्यावाचून राहत नाही. दिल्लीचा शायर बादशहा बहादूरशहा जफर. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला धाडलं, आणि १८६२ मध्ये तो तिथेच गेला. त्याची कबर विस्मरणात गेली. नेमकी जागा सापडली ती १९९१ मध्ये, खोदकाम करताना. म्हणजे हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशाच्या मातीत आणि ब्रह्मदेशाचा राजा आपल्या जांभ्या मातीत. साम्राज्यानं दोन देशांच्या राजांची अशी अदलाबदल केली, ती विचारपूर्वक. राजा आपल्या माणसांत राहिला, तर लोक त्याच्याभोवती पुन्हा जमतील, ही धास्ती होती.

थिबाचं दफन १९१९ मध्ये झालं. समाधी रत्नागिरीच्या शिवाजीनगर भागात आहे. राणी सुपयालत त्याच वर्षी मुलींना घेऊन मायदेशी परतली. पण गोष्ट तिथे संपत नाही. थोरल्या राजकन्येचं मन वाड्यावरच्या गोपाळ सावंत या नोकरावर जडलं होतं. ती रत्नागिरीला परत आली. त्यांची मुलगी टुटू इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं. गरिबीत संसार करत, मराठी बोलत ती इथल्याच मातीत मिसळून गेली. २००० साली तिचं निधन झालं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनाला आले, पण ते पाहायला ती नव्हती.

राजाला मिळालेल्या एवढ्या मोठ्या वाड्याचं घर कधी झालं नाही. नातीच्या साध्या बिऱ्हाडाचं झालं. कारण वाडा दुसऱ्यानं बांधून दिलेला होता, आणि त्यात पहारा होता. घोरावाडीच्या त्या शेतकरणीकडे राज्य नव्हतं, पण द्यायला स्वतःचं असं काहीतरी होतं. म्हणून तिचं लेणं तिचं राहिलं.

रत्नागिरीला गेलात, तर हा वाडा जरूर पाहा. आणि परतताना समाधीपाशीही क्षणभर थांबा.