दळण, पाणी आणि पाळणा : आटपाडी परिसरातील घरकामाची वाटणी

आटपाडी हा माणदेशाचा मुलूख. 1948 पर्यंत तो औंध संस्थानात होता. पुढे तो दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि 1960 साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. या दुष्काळी प्रदेशातील नवराबायकोंच्या श्रमविभागणीविषयी लिहिताना ‘बाहेरचे पुरुषाने पाहावे, घरातले स्त्रीने’ हे सूत्र सहज सांगितले जाते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. खुरपणी, काढणी, सरपण यांसाठी येथील स्त्री सदैव बाहेरच होती. धनगरांची कुटुंबे मेंढरांमागे निघत, तेव्हा पुरुष कळपाबरोबर जाई. घोड्यावर बिऱ्हाड लादणे, नव्या मुक्कामी तीन दगडांची चूल मांडणे, मुले व कोकरे सांभाळणे हे स्त्रीकडे असे. घराला भिंती नव्हत्या, तरी घरकाम तिचेच राहिले. अर्थात वाटणीची रेषा उंबरठ्यावर नव्हती. ती कोठे होती, हे दळणाच्या इतिहासावरून कळू शकते.

घरोघरी जाते होते तोवर पहाटेचे दळण बायकांचे होते. पुरुषाने जात्याचा खुंटा धरला तर तो चेष्टेचा विषय होई. गावात पिठाची गिरणी आली आणि हे काम पाहता पाहता पुरुषाच्या हाती गेले. गिरणीवाला पुरुष, सायकलीला डबा बांधून दळण आणणाराही घरातला मुलगा किंवा नवरा. धान्य तेच, पीठ तेच. पण डबा चुलीपाशी येताच पुढची भाकरी पुन्हा बाईची. (जात्याबरोबर ओवी गेली म्हणून हळहळणाऱ्या संशोधकांनी पहाटे उठून पायली दळणाऱ्या बाईचे मतही विचारात घ्यावयास हवे.) पाण्याचेही तेच झाले. डोक्यावरची घागर स्त्रीची. बैलगाडीवरचे पिंप, पुढे टँकर, पुरुषाचा. लग्नकार्यातला स्वयंपाक आचाऱ्याचा, रोजचा मात्र घरच्या बाईचा. कामाला यंत्र, चाक किंवा पैसा जोडला गेला की ते पुरुषाचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मूल सांभाळण्याच्या कामाला पैसा जोडला गेला, तेव्हा मात्र निराळे घडले. 1972 च्या दुष्काळात नवराबायको एकाच कामावर खडी फोडू लागले. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 साली संमत होऊन 1979 पासून अंमलात आला. 2005 च्या केंद्रीय कायद्यात तर अशी तरतूद आली की, कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्याच स्त्रियांपैकी एकीस मुलांकडे पाहण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे श्रमाचे काम आहे, याची ही सरकारी कबुली होय. पण ते स्त्रीनेच करावयाचे, हेही त्याच ओळीत गृहीत धरलेले आहे.

घरातील चित्र यापुढे फारसे सरकलेले दिसत नाही. 2019 च्या देशव्यापी कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे खर्च करीत असल्याचे आढळले. जनगणना केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीस काम न करणाऱ्यांत धरते. मराठीचा व्यवहारही याहून वेगळा नाही. पुरुषाविषयी ‘काय करतो?’ असे विचारले तर उत्तरात धंदा येतो. स्त्रीविषयी तोच प्रश्न केला की ‘करणे’ हे क्रियापद गळते आणि उत्तर मिळते, ‘घरीच असते.’ खडीच्या कामावर मजुरी घेऊन दहा जणींची मुले सांभाळणारी बाई काम संपल्यावर स्वतःचे मूल सांभाळते, तेव्हा तिच्याविषयीही हेच उत्तर दिले जाते.