बरासी, रॉन
(२७ फेब्रुवारी १९३६ – १६ सप्टेंबर २०२३). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील खेळाडू व प्रशिक्षक. मेलबर्न क्लबकडून सहा विजेतेपदे मिळवल्यावर १९६५ मध्ये ते कार्लटनचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, याचा दाखला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांची कारकीर्द वेगळेच सांगते. वडील दुसऱ्या महायुद्धात तोब्रुक येथे मारले गेल्यावर त्यांच्यावर मेलबर्नचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांची छाया राहिली. किशोरवयात ते स्मिथ यांच्याच घरी राहत. प्रशिक्षणाची जडणघडण त्या घरातच सुरू झाली, असे मानणे रास्त ठरेल. कार्लटनला १९६८ चे विजेतेपद त्यांनी मैदानाबाहेरून मिळवून दिले. १९७० च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुड मध्यंतराला ४४ गुणांनी पुढे होता. बरासींनी चेंडू मुठीने मारून साथीदाराकडे द्या व धावत राहा, असे बजावले आणि राखीव खेळाडू टेड हॉपकिन्सला उतरवले. हॉपकिन्सने चार गोल केले, कार्लटन १० गुणांनी जिंकला. हे यश निव्वळ चांगल्या संघाचे, असा आक्षेप घेता येईल. मात्र नॉर्थ मेलबर्नला पहिले विजेतेपद १९७५ मध्ये त्यांच्याच हाताखाली लाभले, दुसरे १९७७ मध्ये. उलट १९८१ मध्ये मेलबर्नला परतल्यावर त्या हंगामात संघाने एकच सामना जिंकला. पूर्वीच्या पराक्रमाची पुण्याई तेथे कामी आली नाही. तरीही आयर्लंडमधून जिम स्टाइन्ससारखे तरुण आणण्याची मोहीम याच काळातली, आणि १९९१ मध्ये स्टाइन्स हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकाचे मानकरी ठरले.