डॉकिंग स्टेशन व अनेक मॉनिटरांची जोडणी

लॅपटॉपच्या एकाच तोंडात एकच केबल खोचून तिच्या द्वारे वीज, इंटरनेट, कीबोर्ड, माउस आणि एक वा अधिक मॉनिटर या सर्वांची एकत्र तजवीज करणाऱ्या पेटीवजा उपकरणास डॉकिंग स्टेशन, किंवा रोजच्या बोलण्यात नुसते डॉक, म्हणतात. १९९२ साली ॲपलने पॉवरबुक ड्युओबरोबर काढलेल्या ड्युओ डॉकमध्ये अख्खा लॅपटॉप आत सरकवावा लागे. पुढे आयबीएमच्या थिंकपॅडसारख्या यंत्रांच्या तळाशी खास जोडणी आली, परंतु एका कंपनीचे डॉक दुसरीच्या यंत्रास निरुपयोगीच राहिले. २०१४ साली यूएसबी टाइप-सीचे मानक प्रसिद्ध होऊन त्याच तोंडातून डिस्प्लेपोर्टचे चित्रसंकेत नेण्याची मुभा मिळाली, तेव्हा ही अडचण बव्हंशी दूर झाली. मात्र तिच्या जागी दुसरी अडचण आली. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या तोंडांची आंतरिक क्षमता परस्परांहून फार भिन्न असते, आणि गिऱ्हाइकाची निराशा बहुतेक वेळा येथेच उगम पावते.

वडोदऱ्याच्या उत्तर अंगास, फत्तेगंजापलीकडे छाणी जकात नाक्याच्या वाटेवर वसलेल्या निजामपुऱ्यासारख्या वस्तीत या उपकरणाचे प्रयोजन काय, हे या शहराच्या औद्योगिक इतिहासावरून उमगते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाने येथे तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला, आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर तीच संस्था त्याची अभियांत्रिकी शाखा बनली. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याच दशकात छाणीच्या बाजूस खत कारखाना उभा राहिला, व त्यांच्या पाठोपाठ आलेल्या रसायन-उद्योगांमुळे नळ, पात्रे आणि झडपा यांचे आराखडे करणाऱ्या कुशल लोकांचा एक वर्गच या शहरात तयार झाला. ड्रॉइंग बोर्डाच्या काळात या वर्गातला मनुष्य मुख्य नकाशा फळीवर ताणून संदर्भाचे कागद शेजारच्या टेबलावर पसरीत असे. आज त्याला एका पडद्यावर कारखान्याची त्रिमितीय प्रतिकृती, दुसऱ्यावर नळजोडणीचा आराखडा आणि लॅपटॉपवर पत्रव्यवहार असे एकाच वेळी समोर लागते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा कचेरीतले हे काम घराघरांत आले, आणि जेवणाच्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर व एक लॅपटॉप यांचा संसार मांडण्याचा प्रश्न पुष्कळांपुढे उभा राहिला.

ए-१ आकाराचा नकाशा ८४१ मिलिमीटर लांब व ५९४ मिलिमीटर रुंद असतो, तर नेहमीचा २७ इंची मॉनिटर सुमारे ५९८ मिलिमीटर रुंद पण उंचीस जेमतेम ३३६ मिलिमीटर भरतो. सबब पूर्ण नकाशा त्यावर खऱ्या मापात मावत नाही, तो आक्रसून पाहावा लागतो, आणि आक्रसलेल्या नकाशावरील बारीक आकडे वाचता यावेत यासाठी पडद्यावर बिंदू दाट असणे आवश्यक ठरते. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल पडतात, २७ इंची फोर-के मॉनिटरवर १६३. झडपेचा क्रमांक पहिल्यावर पुसट दिसतो आणि दुसऱ्यावर स्वच्छ वाचता येतो, हा फरक दिवसभर डोळे रोखून बसणाऱ्यास चैनीचा वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे हिशेबाकडे, वळू. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येकास २४ बिट आणि सेकंदास ६० चित्रे धरली, तर बारीकसारीक भर मिळून एका मॉनिटरास सेकंदाला सुमारे साडेबारा गिगाबिट माहिती पोचवावी लागते. टाइप-सी केबलीत वेगवान तारांच्या चार वाटा असतात. चारही चित्रासाठी दिल्या तर यूएसबीला जुनी, सेकंदास ४८० मेगाबिटची संथ वाट तेवढी उरते. म्हणून पुष्कळशी साधी डॉके दोन वाटा चित्रास व दोन यूएसबीस अशी वाटणी करतात. डिस्प्लेपोर्ट १.२ प्रमाणे चालणाऱ्या लॅपटॉपात अशा दोन वाटांतून ८.६४ गिगाबिटच जाऊ शकतात, आणि त्यांत दोन फुल एचडी मॉनिटर खुशाल चालतात, पण एक फोर-के मॉनिटरसुद्धा सेकंदास ३० चित्रांच्या वर जात नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये हेच प्रमाण १२.९६ गिगाबिट होते, म्हणजे एक फोर-के मॉनिटर काठोकाठ बसतो; दोन हवे असतील तर चारही वाटा, किंवा डीएससी नावाची चित्रसंक्षेपाची सोय, लॅपटॉप व डॉक दोहोंकडे असावी लागते. डॉकच्या पाठीवर एचडीएमआयची तीन तोंडे आहेत एवढ्यावरून तीन फोर-के मॉनिटर चालतील असे मानणे म्हणजे घराचे नळ मोजून टाकीतील पाण्याचा अंदाज बांधणे होय.

२०१५ सालच्या थंडरबोल्ट ३ या जोडणीच्या मानकात ही वाट ४० गिगाबिटांपर्यंत रुंदावली, आणि २०२० सालच्या थंडरबोल्ट ४ ने दोन फोर-के मॉनिटर चालविणे ही किमान अटच करून टाकली. दोन फोर-के मॉनिटरांवर रोज आठ तास काम करणाऱ्याने थंडरबोल्टचे तोंड असलेला लॅपटॉप घ्यावा, आणि त्यात काटकसर करू नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या लॅपटॉपास ते तोंड नाही त्यास डिस्प्लेलिंकचा मार्ग आहे. त्यात चित्र लॅपटॉपमध्येच आक्रसून साध्या यूएसबीवाटे धाडतात व डॉकमधील चिप ते उलगडते. पत्रव्यवहार व हिशेबाच्या तक्त्यांस हा मार्ग पुरेसा आहे, परंतु वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, प्रोसेसरवर भार पडतो, आणि त्रिमितीय प्रतिकृती फिरविताना पडदा मागे पडतो.

ॲपलच्या यंत्रांचा शिरस्ता निराळा. एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून अनेक पडद्यांना चित्र वाटून देणारी एमएसटी ही पद्धत विंडोजमध्ये चालते, पण मॅकओएसमध्ये त्याच डॉकला जोडलेले दोन्ही मॉनिटर एकच चित्र दाखवीत राहतात. शिवाय एम-१ व एम-२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर मान्य आहे, एम-३ ला झाकण मिटल्यासच दोन, आणि एम-४ पासून झाकण उघडे ठेवूनही दोन.

जोडणी झाल्यावर माउसचा बाण एका पडद्यावर सरळ धावतो व दुसऱ्यावर गेला की अडखळत चालतो, असे दिसल्यास डोळ्यांस किंवा मॉनिटरास दोष देण्यापूर्वी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदास किती चित्रे, हा आकडा पाहावा. तेथे ६० ऐवजी ३० हा आकडा आढळला, तर प्रथम केबल बदलून पाहावी, कारण एचडीएमआय १.४ च्या काळातील केबल व तोंडे फोर-के चित्र ३० च्या पुढे नेत नाहीत. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर तर राहिली नाही ना, हे तपासावे. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी आणि तिच्यावर वेगाचे मान छापलेले असावे. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल तोंडात नीट बसत असली तरी तिच्यात बहुधा वेगवान तारा नसतात, त्यामुळे लॅपटॉप चार्ज होतो व पडदे मात्र काळे राहतात. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताबसताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेमुळे मॉनिटर क्षणभर काळा पडतो, हेही तंत्रज्ञांनी नमूद केलेले आहे; चांगल्या आवरणाची केबल व व्यवस्थित अर्थिंग हे त्यावरचे उपाय.

विजेची तरतूद अखेरीस पण आवर्जून पाहावी. डॉक लॅपटॉपास ६० वॉट देत असेल आणि लॅपटॉपाची गरज १०० वॉटांची असेल, तर भर कामात बॅटरी उतरू लागते. वीज गेली की लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक बंद पडून सगळ्या खिडक्या छोट्या पडद्यावर येऊन कोसळतात. म्हणून डॉक व मॉनिटर यूपीएसवर घ्यावेत. खरेदीच्या दिवशी आपला लॅपटॉप दुकानात न्यावा, दोन्ही मॉनिटर त्याच डॉकवर एकदम लावून घ्यावेत, आणि दोहोंसमोर ६० हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे चुकते करू नयेत.